पौर्णिमेपर्यंत झोपलेला एजंट

एजंट म्हटलं की आमच्याकडे लोकांना विम्याचा माणूस आठवतो. माझा एजंट तसला नव्हता. गुलबर्ग्याच्या एका डाळमिलमध्ये मी कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. मिल सोयाबीनचाही व्यापार करायची; खरेदी केंद्रं कमलनगरला आणि राजेश्वरला. तिथल्या कॉम्प्युटरात एक छोटा प्रोग्राम बसवलेला असे. केंद्रावरच्या नोंदींची राखीव प्रत माझ्या सर्व्हरकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. त्यालाच एजंट म्हणायचं. सकाळी स्क्रीन उघडली की दोघांची नावं दिसायची, हजेरीला उभ्या पोरांसारखी. नाव दिसलं नाही तर शोध घ्यायचा.

त्या वर्षी सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आधी मालकांनी सांगून ठेवलं होतं, या हंगामात एकाही केंद्राचा बॅकअप चुकला नाही तर ही खोली तुमचीच. चुकला तर हैदराबादची कंपनी बघेल. मी मान डोलावली. तेव्हाची मी भारी मान डोलवायची. केस काळे, साडी कडक इस्त्रीची, खोलीची किल्ली दोरीत ओवून गळ्यात, आणि समज असा की साऱ्या मिलमध्ये एक वायर हलली तरी मला विचारून हलते.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी राजेश्वर हजर, कमलनगर गायब.

कमलनगरचं केंद्र सांभाळणारी बाई माझी शिष्या, आणि त्याहून जास्त मैत्रीण. तिला माऊस धरायला मी शिकवलं. एजंट दिसेनासा झाला तर काय बघायचं, तेही. आधी प्रोग्राम चालू आहे का, मग दोन्ही मशीन एकमेकांना ओळखतात का, मग फायरवॉलनं वाट अडवलीय का, आणि शेवटी तो कुठल्या सर्व्हरचा पत्ता धरून बसलाय. हे चौथं लोक विसरतात, म्हणून तिच्याकडून घोकून घेतलेलं. गुलबर्ग्याला आली की मुक्काम माझ्याकडे. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात फुलं वाटत तीच उभी होती.

माझ्या बाजूचं सगळं तपासून मी तिला फोन लावला.

"अक्का, मशीन पूजेला बसवलंय," ती म्हणाली. "दसऱ्याला देवी निद्रेला जाती न्हवं, तसं यंत्रबी. पौर्णिमेला उठवायचं. तवर हात लावायचा न्हाई. पावत्या हातानं फाडायलोत."

आता आमचं घर बुद्धाचं. आमचा दसरा म्हणजे पांढऱ्या साड्या आणि विहारातली वंदना. मशीनला हळदीकुंकू नाही. तुळजापूरची देवी दसऱ्यानंतर झोपते आणि पौर्णिमेला उठते, एवढं या भागात राहून ठाऊक होतं. पौर्णिमेला चालत निघालेली माणसं दरवर्षी रस्त्यानं दिसायची. पण कॉम्प्युटरही झोपतो का, हे विचारायचं कसं? विचारलं की समोरचा म्हणणार, तुमच्यात नसतं, तुम्हाला काय कळणार. लहानपणापासून हे इतकं ऐकलं होतं की दुसऱ्याच्या पूजेत तोंड घालायचं नाही, ही सवयच झाली होती. तिच्या घरी पूजा असली की मी भिंतीकडेला गुपचूप बसायचे, प्रसाद घ्यायचे, निघायचे.

म्हणून म्हटलं, बरं, झोपू दे.

भर आवकेत, दारात सोयाबीनचे ट्रॅक्टर उभे असताना, कोणता व्यापारी कॉम्प्युटरला झोपवून ठेवेल? आणि राजेश्वरचं मशीन तेवढं नास्तिक होतं का? त्या इस्त्रीच्या साडीला एवढं साधं सुचलं नाही.

पुढच्या दिवशी सवयीनं मी कमलनगरच्या मशीनला हाक मारून बघितली. म्हणजे इथून एक बारकासा संदेश पाठवायचा. मशीन जागं असेल तर उत्तर येतं. उत्तर आलं. पटकन आलं. आणि मी शहाणीनं काय समजावं? मशीन तर झोपलेलं, मग त्याचा नेटवर्कवरचा पत्ता कुणाच्या तरी मोबाइलनं घेतला असेल. मग वाटलं, व्हायरस शिरला असेल, बिचारी पूजेच्या भरवशावर गाफील आहे, उद्या तिच्यावर बालंट यायचं. तिला वाचवायला म्हणून मी कमलनगरची बस धरली. सोबत डब्यात तिच्या आवडीच्या शेंगापोळ्या. हसा खुशाल. मीही हसते.

केंद्राच्या काट्यावर पोती चढत होती. आत मशीन टक्क जागं. स्क्रीनच्या कडेला कुंकू, वर झेंडूची सुकलेली माळ, आणि ती भराभर पावत्या छापायलेली. मला बघून तिचे हात थांबले. प्रिंटर चालूच राहिला.

मी खुर्ची ओढली. प्रोग्राम चालू. ओळख ठीक. वाट मोकळी. मग चौथं बघितलं. एजंट जिवंत होता, सकाळपासून बोलत होता, फक्त माझ्याशी नाही. पत्ता हैदराबादच्या कंपनीचा. पत्ता बदलल्यावर प्रोग्राम एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, तेही केलेलं. काम चोख होतं. माझ्याकडूनच शिकलेलं. आणि माझ्या यादीत कमलनगर गैरहजर, म्हणजे मालकांची अट मोडली ती माझ्याच हातून.

"कामून?" मी विचारलं.

"मालक म्हनले, अक्काला कळू देऊ नका. मला केंद्रावरच पक्की नोकरी देतो म्हनले."

"आन देवीला कशाला मधी आनलीस?"

ती माळेतलं फूल कुस्करत राहिली. मग म्हणाली, "दुसरं कायबी सांगितलं असतं तर तुमी खोदून इचारलं असतं. पूजेचं तुमी इचारत न्हाईत."

खोली जाणार हे मी बसस्टँडवर येईपर्यंत गिळलं होतं. हे वाक्य अजून खाली उतरलेलं नाही. डबा तसाच परत आणला. भालकीच्या स्टँडवर बाकावर बसून एकटीनं सगळ्या पोळ्या संपवल्या, आणि वर पाणी नाही म्हणून उचक्या देत गुलबर्ग्यापर्यंत आले. बसमधल्या बाया समजल्या, रडतेय. समजू दिलं.

मालकांच्या टेबलावर किल्ली ठेवताना त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही. आता वाटतं घ्यायला हवा होता, दोन कप.

दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. आवाज बारीक. म्हणाली, हैदराबादच्या सर्व्हरवर कमलनगर दिसंना झालंय, ते लोक फोन उचलंनात, मालक माझ्यावर खेकसायलेत, मी सगळं बघितलं, चौथंबी बघितलं.

कंपनीनं सर्व्हरचा पत्ता बदलला असणार आणि एजंट जुनाच धरून बसला असणार, हे मला ऐकता ऐकताच कळलं होतं.

"निद्रेला गेला आसंल," मी म्हटलं. "पौर्णिमेपर्यंत हात लावू नको."

तिनं हळूच विचारलं, "कोन्त्या पौर्णिमेपर्यंत, अक्का?"

"ते मला कामून इचारतीस? आमच्यात नसतं," म्हटलं, आणि फोन ठेवला.