मदीनाबीचा शनिवार

आखाडा बाळापुरात रुई पिंजायचे मशीन कोणाचे, असे विचारले तर अन्सारभाईंचे, असेच उत्तर मिळे. आसपासच्या खेड्यांतून गाद्या आणि रजया सायकलला बांधून आणणारे तेच, आणि पिंजून, शिवून परत पोहोचवणारेही तेच. मशीनवर मात्र बसत असे त्यांची बायको, मदीनाबी. जुन्या गादीची खोळ उसवायची, आत बसलेले रुईचे गोळे हातांनी फोडायचे आणि ती रुई मशीनच्या दातांपुढे धरायची, हे तिचे काम. रुई उडू नये म्हणून खोलीचे दार आणि खिडकी बंद असे. लहानपणी आईबरोबर उशा घेऊन मी तिथे जाई, तेव्हा दाराच्या फटीतून पांढऱ्या धुक्यात बसलेली एक बाई दिसे. तिच्या भुवयासुद्धा पिंजलेल्या वाटत.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिला मान वर करायला सवड नसे. मशीन बंद राही ते फक्त शुक्रवारी, जुम्म्याला. त्या दिवशी ती न्हाऊन, धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसे आणि शेजारच्या द्वारकाबाईंशी बोलत राही. द्वारकाबाई मोठ्या शेतीवाल्या घरच्या, जिभेने तिखट, आणि मदीनाबीच्या जिवाभावाच्या.

"मला शनिवार सोसत न्हाई," एका शुक्रवारी मदीनाबी म्हणाली. "शनिवारी मशीनीवर बसले की दुपारनंतर छाती आवळते. कुणी कासऱ्यानं बांधल्यावानी. रविवारी सकाळपस्तोर मोकळी होते."

"शनीचा फेरा असंल," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आमच्यात शनी न्हाई."

"तुमच्यात नसंल, बाळापुरात हाय. तुझ्या नावानं मी तेल घालते. तू निस्तं तेल दे."

मदीनाबीने तेल दिले. देताना म्हणाली, "निम्मं तुमच्या भाजीत जाईन, मला ठाऊक हाय."

तेल घालूनही शनिवार काही बदलला नाही. उलट काही वर्षांत छाती रविवारीही आवळू लागली, मग सोमवारीही थोडी राहू लागली. शहाण्णवच्या पावसाळ्यात पाण्याची घागर उचलून ओटा चढताना ती मध्येच बसली. अन्सारभाई तिला तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने छातीला नळी लावली, थुंकी न तपासताच टीबी म्हणून सांगितले आणि लाल कॅप्सूल सुरू केल्या. लघवी लाल झाली. दम तसाच राहिला.

बातमी औषधाच्या दुकानातून बाजारात आली. ज्या रुईवर तिचा श्वास पडतो, त्याच रुईवर आपली लेकरे झोपणार, हा विचार एकदा लोकांच्या मनात शिरला, तो निघेना. कोणी भांडले नाही, कोणी तोंडावर काही बोलले नाही. दिवाळी जवळ आली आणि अन्सारभाईंची सायकल खेड्यांतून रिकामी परत येऊ लागली, एवढेच. शेवटी द्वारकाबाई आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते आणि रुखवताच्या गाद्या मदीनाबीकडे पिंजायला पडल्या होत्या.

"खोळी उसवल्या नसशील तर तशाच दे," त्या ओट्याखाली उभ्या राहून म्हणाल्या.

"उसवल्या."

"मग रुई पोत्यात भरून दे."

"काहून?"

द्वारकाबाई रस्त्याकडे पाहत होत्या. "घरात लेकरं हायत."

"तुमची सगळी लेकरं माझ्याच गाद्यांवर मोठी झाली."

"तवा तुला टीबी नव्हता."

"आता बी न्हाई."

"मंग डागदर खोटं बोलते?"

"त्यानं माझी थुंकी बी पाहिली न्हाई, आन तुमी त्याच्यावर इमान ठेवता. मी इतक्या सालाची शेजारीण, माझ्यावर न्हाई."

तिने स्वतः पोती भरली, पायाने दाबली, सुतळीने बांधली आणि एक पोते उचलून द्वारकाबाईंच्या डोक्यावर ठेवले. "ते तेल बी वापस आणा शनीपासून," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी तिने अन्सारभाईंना सांगितले, "मला मोठ्या दवाखान्यात न्या. टीबी असंल तर मी सोताच्या हातानं मशीन बंद करते. नसंल तर बाळापुरानं माझ्या दारी यावं."

त्या काळी आमचा जिल्हा परभणीच होता. मी मात्र जवळच्या नांदेडला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो आणि त्या महिन्यात आमच्या तुकडीला छातीच्या रुग्णांचा वॉर्ड होता. मदीनाबी तिथे खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला तिने ओळखले नाही. तिची माहिती घेण्याचे काम शिला नावाच्या माझ्या वर्गभगिनीकडे आले होते.

"काम काय करता, मावशी?" शिलाने विचारले.

"घरीच असते," अन्सारभाई म्हणाले. "घरकाम."

शिला लगेच चुलीकडे वळली: चूल किती वर्षांपासून, धूर किती, खिडकी आहे का. मदीनाबीने दोन-तीन उत्तरे दिली, मग नवऱ्याकडे मान वळवली. थोरल्या मुलाच्या नावाने ती त्यांना हाक मारी.

"आतिफचे अब्बा, मग मशीनीवर कोण बसते? तुमची सायकल?"

आम्ही हसलो. अन्सारभाई डोक्यावरची टोपी काढून तिच्या कडा तपासू लागले. खोटे बोलायचे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांच्या घरात बाई जे करते ते घरकाम, आणि मशीन घरातच होते.

रुईचे नाव निघताच शिलाचे डोळे चमकले. कापसाच्या धुळीचा आजार आम्ही नुकताच वाचला होता, आणि त्याची खूण सर्वांना पाठ होती. "सोमवारी त्रास जास्त होतो ना?"

"न्हाई. सोमवारपस्तोर उलट हलकं वाटू लागते."

शिलाचा चेहरा पडला. मागे उभे असलेले आमचे शिक्षक ओमप्रकाश सर पुढे आले. "मशीन कोणत्या दिवशी बंद असतं, ते विचार."

"जुम्म्याला," मदीनाबीने थेट त्यांनाच सांगितले.

"मग यांचा सोमवार शनिवारी येतो," सर म्हणाले. "पुस्तकातला सोमवार रविवारी बंद राहणाऱ्या गिरण्यांचा आहे."

मग खाटेजवळच त्यांनी आम्हाला समजावले. धुळीपासून एक दिवस सुटका मिळाली, की पुन्हा कामावर बसताच श्वासनळ्या सुजतात आणि आवळतात. आठवडा पुढे सरकतो तशा थोड्या सैल होतात. वर्षामागून वर्षे असे होत गेले, की त्या पुरत्या सैल होणे विसरतात, आणि मग सुट्टीच्या दिवशीही दम लागतो. छातीच्या फोटोत क्षयासारखा डाग दिसत नाही. मदीनाबीच्या फोटोत तो नव्हता, आणि थुंकी पुन्हा पुन्हा तपासली तरी जंतू सापडला नव्हता. "एवढंच नाही," सर म्हणाले, "धडधाकट माणूस अशा धुळीत पहिल्यांदा दिवसभर बसला, तर त्यालाही संध्याकाळी खोकला आणि ताप येऊ शकतो. एक-दोन दिवसांत उतरतो."

मदीनाबी उशीवरून पुढे सरकली. "कुणाला बी?"

"बऱ्याच जणांना."

तिने ते मनात ठेवले. सर तिच्याकडे वळले. "तुम्हाला टीबी नाही. लाल गोळ्या बंद करा. पण हे कामही सोडावं लागेल. फुफ्फुसाचं जे गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं वाचवता येईल."

"डॉक्टरसाब, मी माझं काम वाचवायला आले व्हते."

"मला माहीत आहे."

"तुमी म्हणता, कामच बिमारी हाय. बराबर असंल तुमचं. पण आता सोडलं तर बाळापूर म्हणन, टीबीच व्हता. आधी मला घरी जाऊ द्या."

सरांनी टीबी नसल्याचे लिहून दिले. तिने तो कागद अन्सारभाईंच्या खिशात कोंबला. "हा ऱ्हाऊ द्या. कागद वाचून कुणी गादी देत न्हाई."

पुढचे मला नंतर मदीनाबी आणि द्वारकाबाई, दोघींनीही सांगितले. दोघींच्या सांगण्यात फरक एवढाच, की आधी कोण हसले.

मदीनाबी घरी आली त्यानंतरच्या शुक्रवारी ती द्वारकाबाईंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. पोती अजून ओसरीतच पडली होती. लग्न तोंडावर आले होते आणि नांदेडहून गाद्या आणायला कोणाला सवड मिळाली नव्हती.

"टीबी न्हाई. रुईची धूळ हाय," ती म्हणाली.

"असं तू म्हणतीस."

"मग उद्या तुमी बसा. तुमचीच रुई, माझी खोली, दार लावून. मी बाहेर ओट्यावर राहीन, म्हंजे माझा श्वास तुमाला लागायचा न्हाई. सांजच्याला काय होते ते सगळे पाहतील."

"मला मशीन येत न्हाई."

"तुमी निस्ते गोळे फोडा. मशीनीवर आतिफचे अब्बा बसतील. त्यांना बी कळू द्या, घरकाम कसं असते."

"आन नसलं जमत तर?"

"तर तसं सांगा. भ्या वाटते म्हणून सांगा."

द्वारकाबाईंना हे शेवटचे वाक्य सोसणारे नव्हते. शनिवारी सकाळी त्या पदर खोचून आत गेल्या. मदीनाबीने बाहेरून दार ओढून घेतले आणि ओट्यावर बसली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती की आत द्वारकाबाई काम करत आहेत, म्हणून संध्याकाळी ओट्यापुढे बरेच लोक जमले होते. दार उघडले तेव्हा दोन पांढरी माणसे बाहेर आली. अन्सारभाईंचा आवाज बसला होता. द्वारकाबाई एका हाताने छाती धरून खोकत होत्या, आणि दुसऱ्या हाताने काही विचारू नका असे खुणावत होत्या. अंधार पडेपर्यंत त्यांना ताप भरला.

रविवारी दुपारी ताप उतरला आणि त्या ओसरीत येऊन बसल्या. मदीनाबीने आपल्या ओट्यावरून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "द्वारकाबाई, टीबी झाला का तुमाला?"

"गप बस."

"लेकरांना जवळ घेऊ नका."

"गप बस म्हनलं ना, मदीने."

"गोळ्या हायत माझ्यापाशी. लाल. निम्म्या उरल्यात."

यावर आधी कोण हसले, ते मला ठरवता आलेले नाही. हसता हसता दोघींनाही खोकला आला, एवढे नक्की. द्वारकाबाईंनी गड्याच्या डोक्यावर उरलेली पोती देऊन ती परत पाठवली, आणि मागोमाग स्वतः आल्या.

"रोज असं व्हते तुला?"

"लगीन झालं तवापासून."

"मंग सोड की हे."

"आता न्हाई. आता तर गाद्या येतील."

गाद्या खरोखरच आल्या. पण त्या घेणारी मदीनाबी आता वेगळी होती. मशीन तिने खोलीतून काढून मागच्या उघड्या पडवीत नेले. रुई उडते म्हणून अन्सारभाई कुरकुरले, तर ती म्हणाली, "उडू द्या. माझ्या छातीत बसण्यापरीस शेतात पडलेली बरी." शनिवारचे काम कायमचे अन्सारभाईंकडे गेले. आणि बाळापुराला तिने एक अट घातली: गादी उसवून, आपल्याच अंगणात झाडून, ऊन दाखवून आणायची. बंद गादी घेतली जाणार नाही. पहिल्या हंगामात लोक रागावले. दुसऱ्या हंगामात द्वारकाबाईच ओट्यावर बसून बंद गाद्या परत पाठवू लागल्या.

ओमप्रकाश सर मात्र चुकले नव्हते. गेलेले फुफ्फुस परत आले नाही. जिल्हा हिंगोली झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी शहरातून बाळापूरला गेलो, तेव्हा मशीनवर आतिफ बसत होता, तोंडाला ओला रुमाल बांधून. मदीनाबीला ओट्यापासून पडवीपर्यंतही चालवत नव्हते. तरी ती ओट्यावर होती. तिच्या हातात श्वासाने ओढायच्या औषधाचा पंप होता, शेजारी द्वारकाबाई होत्या, आणि समोर सेनगावकडून आलेली एक जीप उभी होती. जीपवाल्याने गाद्या उतरवायला सुरुवात केली होती.

"उसवून आणल्या का?" मदीनाबीने विचारले.

"मावशी, लांबून आलो आमी. एवढ्या वेळी घ्या."

"लांबून आला म्हणून धूळ..." तिचा दम तुटला. ती थांबली, पण हात वर करून जीपवाल्यालाही तिने थांबवून धरले.

"...कमी व्हते का?" द्वारकाबाईंनी वाक्य पुरे केले. "तिकडं झाडाखाली ने. उसव आन झाड. मंग ये."

जीपवाला पुटपुटत गाद्या कडुलिंबाखाली घेऊन गेला. त्याने पहिली खोळ उसवून झटकली, तसा पांढरा लोट त्याच्याच तोंडावर आला आणि तो खोकू लागला. मला वाटले, मदीनाबी हसेल. ती हसली नाही. पंप तोंडाला लावून तिने एक श्वास आत ओढला, जेवढा गेला तेवढा, आणि त्याच्या बळावर रस्त्यापलीकडे ओरडली.

"पोरा, वाऱ्याला पाठ करून बस."