राबातली माती

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शेतीची पदवी घेतली आणि कारखान्याच्या ऑफिसात न बसता गावोगाव माती तपासत फिरले, याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

साजगावच्या पलीकडे राहणारी एक काकी शिळफाट्याच्या बाजारात भाजी विकायची. एकदा तिनेच मला हाक मारली. "तू माती बघतेस ना गं? माझी बघ." तिचा धाकटा दीर हटून बसला होता. भात दर साली कमी येतं, तर दिवाळीनंतर कापणी झाली की शेताची वरची माती वीटभट्टीला द्यायची. माती उचलली की मागे काय उरतं, ते काकीला शेजारच्या शेतात पडलेल्या खड्ड्यात रोज दिसत होतं.

तिने स्वच्छ फडक्यात बांधून माती आणून दिली. रिपोर्ट आला तो झकास. पालाश भरपूर, सगळं ठीक. दीर हसला. "मॅडम, माती एवढी गुनाची हाय, तर भट्टीवाला खूशच होईल की."

मला ते खटकलं. "काकी, ही माती कुठनं काढलीत?"

"राबातनं."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. तिथे शेण, पाला, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरून उन्हाळ्यात भाजतात. वर्षानुवर्षांची राख त्या तुकड्यात मुरलेली असते. शेताची खरी तब्येत तिथे कळणार कशी?

"मंग काय बांधाकडची रोड माती देऊ?" काकी म्हणाली. "पोरगी दाखवायची तर न्हाऊमाखू घालूनच दाखवतात ना गं."

शेजारच्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले. पण हसून शेत वाचणार नव्हतं. भर उन्हात आम्ही दोघी शेतभर हिंडलो. जागोजागी खणून माती काढली, गोणपाटावर एकत्र केली आणि त्यातली ओंजळभर पुन्हा तपासायला दिली. या खेपेला खरं बाहेर आलं. कुजलेलं, मातीला जिवंत ठेवणारं असं शेतात फारच थोडं होतं.

"शेण, पाला सगळं राबात जाळता. बाकीच्या शेताने खायचं काय?" मी विचारलं.

"राब भाजायचं सोडलं तर सासू मलाच भाजील."

मग मधला रस्ता काढला. राब लहान भाजायचा, उरलेलं शेण आणि पाला खड्ड्यात कुजवायचा. भात कापलं की ओल आहे तोवर लगेच वाल टाकायचा. त्याच्या मुळांनी मातीला बळ येतं.

काकीने विचारलं, "आन माती उचलायला उभ्या वालात ट्रॅक्टर घालील का दीर?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कापणी झाली आणि भारे खळ्यावर जायच्या आत काकीने वाल टाकला. दीर भट्टीवाल्याला घेऊन आला, तेव्हा शेतभर कोवळी पानं वर आली होती.

"वालच हाय नुसता. काढून टाकू," दीर म्हणाला.

"काढ. पन तुझ्या हातानं काढ, माझ्यासमोर." काकी बांधावरून हलली नाही. मीही तिच्याशेजारी उभी राहिले.

भट्टीवाल्याने एकदा शेताकडे आणि एकदा काकीकडे पाहिलं. "तुमचं घरात ठरवा आधी," म्हणाला आणि गाडीत बसला. दीर बराच वेळ तिथेच घुटमळला.

"पोपटीच्या मडक्यात भाजायला शेंगा तरी ठेव, वैनी."

"खड्ड्यातलं खत शेतात टाकायला ये. मंग ठेवते."