पुतळा धुणारीचा हार

"ए, खाली उतर! हार कुणाला विचारून घातलास?"

कुलसचिव माईकजवळ उभे होते. माईक चालू होता. विद्यापीठाच्या अख्ख्या आवारात ऐकू गेलं. पोरं, प्राध्यापक, बँडवाले. सगळे माझ्याकडं वळले. मी स्टुलावर, पुतळ्याच्या खांद्याला धरून उभी.

संस्थापकांची जयंती होती. मी ठेकेदाराकडची सफाई कामगार. दर जयंतीला पुतळा धुण्याचं काम माझं. कावळ्यांची घाण खरवडायची, साबण लावायचा, कोरडा पुसायचा. त्या दिवशी फुलवाल्यानं हार माझ्याच हातात दिला आणि गेला. खाली ठेवला तर माती लागेल, म्हणून मी गळ्यात घातला. एवढंच.

"ह्या लोकांना जागा दाखवावी लागते," कुलसचिव शेजारच्याला म्हणाले. तेही माईकमधून ऐकू आलं.

मी उतरले. शिपायानं हार काढून कचऱ्यात टाकला. रामकुंडावरून पवित्र पाण्याचा कॅन भरून आणला आणि पुतळ्यावर ओतला. तासाभरापूर्वी त्याच पुतळ्याला मी साबण लावला होता. माझं धुणं चाललं. माझ्या हारानं पुतळा विटाळला.

पाहुणे आले. नवा हार घातला. भाषणात म्हणाले, "संस्थापकांनी त्या काळात आपली विहीर सर्वांना खुली केली!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. झाडू काखेत धरून वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज अजून जात नाही.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"तुला हे आज कळलं व्हय?" म्हणाली. "त्या पुतळ्याचा चौथरा आम्ही सहा बायांनी डोक्यावर दगड वाहून भरला. तू पोटात होतीस. उद्घाटनाला म्हणले, गेटाच्या बाहेर बसा, पंगत उठली की वाढू. लय वेळ बसलो."

"मग?"

"मग काय. खाल्लं. भूक लागली हुती."

एवढ्या वर्षांत ती हे बोलली नव्हती. मी त्याच गेटातून रोज आत जात होते.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं कागद पुढं केला. माझ्याकडून पुतळ्याचं पावित्र्य भंगलं, मी माफी मागते, असं लिहिलेलं. खाली सहीची जागा.

"कर ना बाई सही. तुझं काय जातंय?"

घरभाडं, पोरीची फी, सगळं डोळ्यापुढं आलं. पेन उचललं. परत ठेवलं.

"नाही करणार."

संध्याकाळी काम गेलं. मी कुलसचिवांविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "साक्षीदार आणा." मी दारोदार फिरले. प्राध्यापकबाईंनी चहा दिला, सही दिली नाही. बँडवाला म्हणाला, "ताई, आमाला तिथलीच ऑर्डर असती." आमच्या वस्तीतल्या संघटनेचे भाऊ म्हणाले, निवडणूक होऊ दे. नवरा म्हणाला, "मिटव." रात्र रात्र झोप नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी करत राहिले. अर्ज वरच्या कचेरीत दिला. तिथून पुन्हा त्याच ठाण्यात आला.

परवा कुलसचिवांचा माणूस घरी येऊन गेला. तक्रार मागं घे, उद्यापासून कामावर ये, म्हणाला. आई दारात बसली होती. माझ्याकडं बघत राहिली.

मी त्याला सांगितलं, "साक्षीदार मिळाला नाही तर मी एकटी उभी राहीन. केस हरले तरी चालेल. पण कुलसचिव माईकवर काय बोलला, हे त्याच्यासमोर, कोर्टात, मोठ्यानं म्हणणार."