बाहेरची कडी

अख्खा बाजार तिला पटाशी म्हणायचा. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं उचलून ती दिराशेजारी सुतारकामाला बसली, आणि जीभही हत्यारांच्या तोडीची चालवायला लागली. तिनं बसवलेली कडी निखळली, असं कुणी म्हणून दाखवावं.

तर एकदा एका विमा एजंटानं तिला घरी बोलावलं. दारातच विचारलं, कुणी पुरुष माणूस नाही का आलं? ही म्हणाली, दाराला चालतंय, तुम्हीही चालवून घ्या. त्याला झोपायच्या खोलीची आतली कडी काढून बाहेरून बसवायची होती. बायको झोपेत चालते म्हणे. बायको पाण्याचा पेला ठेवून गेली, ती मान खाली घालूनच.

कडी काढताना पटाशीच्या बोटाला चौकटीतली चीर लागली. लांबीचा लगदा भरून वर रंग फासलेला. हे दार कधीतरी बाहेरून लाथ घालून फोडलं होतं. नाही म्हणावं, तर हा दुसरा सुतार आणणार. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोटं काम केलं. कडीचा कोयंडा नेमका चिरलेल्या भागात, तोही आखूड स्क्रूंनी बसवला. एजंट फोन घ्यायला गॅलरीत गेला, तेवढ्यात बायकोला हळूच म्हणाली, "ताई, दोन्ही हातांनी ओढलं की निघेल."

बायकोनं रिकामा पेला उचलला आणि मान खाली घालूनच आत गेली.

झालं, पटाशीच्या जिवाला घोर लागला. त्या बाईला कळलं असेल का? निघाली आणि त्यानं वाटेतच गाठलं तर? रंधा मारमारून तिनं चांगल्या फळीचा पार कागद केला. कारण कळल्यावर दीर वैतागला. "वहिनी, घर त्याचं, दार त्याचं, बायको त्याची. आपण काम करून मोकळं व्हायचं."

"बायको काय बिजागरीबरोबर येते का, भावोजी?"

चार दिवसांनी एजंटानं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर कोयंडा आपटला. "हे काम म्हणायचं? आतून जरा ओढलं तर निखळलं."

पटाशीनं रंधा खाली ठेवला. "आत कोण होतं, साहेब?"

गिऱ्हाइकं वळून एजंटाकडे बघायला लागली. घरचा मामला आहे, असं तो पुटपुटला. तुम्हालाच माहीत असेल ती कुठं गेली, असंही म्हणाला.

दिरानं कोयंडा उचलून भंगाराच्या डब्यात टाकला. "आमच्याकडे ती कडी आता बसत नाही," म्हणाला.

एजंट गेला. पटाशीनं रंधा हातात घेतला, पण नजर रस्त्यावरच. दुकानासमोरून बाई गेली की तिचा हात थांबायचा.