नाकातली तार आणि चक्री पाळणा

माझे कान टोचलेले नाहीत. नाकही नाही. हा निर्णय माझा नव्हता, माझ्या बारशाच्या दिवशी वडिलांनी घेतलेला होता. कान टोचायला सोनार घरी आला, तेव्हा वडिलांनी त्याला चहा पाजला आणि स्वतः छापून घेतलेलं पत्रक हातात देऊन परत पाठवलं. मुलीच्या अंगाला पहिलं भोक पाडलं जातं तिथूनच तिला बांधायला सुरुवात होते, असं त्या पत्रकात होतं. पुढे मोठी झाल्यावर त्याच पत्रकाच्या प्रती दुमडून दुमडून मी गठ्ठे केले. मजकूर अजून पाठ आहे आणि त्यातल्या एकाही वाक्याशी माझा वाद नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी बाजू बदलली. बाजू बदललेली नाही. मला फक्त मत्सर वाटला होता, आणि मत्सराला कुठली बाजू नसते.

आम्ही पौडला राहायचो. वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, नवसाविरुद्ध, दागिन्यांविरुद्ध. डाळीच्या डब्यांखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. लग्न झाल्यावर आईनं अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं होतं, कुंकूसुद्धा. तिच्या डाव्या नाकपुडीवर एक बारीकसा खळगा होता. लहानपणी मला तो देवीचा वण वाटायचा. ते बुजलेलं भोक होतं, हे कळलं ऐंशीनंतरच्या एका चैत्रात, मामेबहीण आमच्याकडे राहायला आली तेव्हा. मी तेव्हा नववीत होते.

मामाची शेती माणला. त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. सुपारी फुटली तेव्हा होणाऱ्या सासूनं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. त्यांच्या घरात सासूच्या सासूपासून चालत आलेली एक नथ होती, ती नव्या सुनेच्या नाकात घालूनच तिला उंबऱ्याच्या आत घ्यायची. "दाबाची चालायची न्हाई. नाक टोचून घ्या पोरीचं." माणला घाईघाईनं टोचलेलं पहिलं भोक पिकलं, सुजलं आणि शेवटी बुजवावं लागलं. म्हणून तिला आमच्या सोनाराकडे आणलं. त्यानं जुन्या वणाच्या जरा वर दुसरं भोक पाडलं, त्यात सोन्याची बारीक तार वळवून घातली आणि आईला म्हणाला, "ह्ये नीट सांभाळा. आता फाटलं तर तिसऱ्याला जागा न्हाई नाकावर." मग माझ्याकडे बघून हसला. "मास्तरांचं पत्रक हाय बरं का अजून दुकानात. पुड्या बांधायला लई झ्याक कागद."

भोकाची जखम भरून येईपर्यंत मामेबहीण आमच्याकडेच राहणार होती. माणला गव्हाची कापणी आणि लग्नाची धांदल एकदमच आली होती, तिथं तिच्या नाकाकडे कोण बघणार?

आमच्याकडे आई बघायची. रोज सकाळी पळीत खोबरेल कोमट करायची, त्यात चिमूटभर हळद टाकायची, कोंबडीच्या पिसाचं टोक त्यात बुडवून तारेच्या दोन्ही बाजूंना थेंब थेंब सोडायची. मग तार दोन बोटांत धरून हलकेच फिरवायची. मामेबहीण "आई गं" म्हणायची आणि आई म्हणायची, "झालं, झालं, माझी बाय ती." मी समोर बसून पत्रकं दुमडत असायचे. मला आईनं कधी 'बाय' म्हटलेलं नव्हतं. माझ्याशी आई वडिलांच्या भाषेत बोलायची, शुद्ध, नीटनेटकी. भाचीशी मात्र ती माणचं बोलायची. "हितं बस, हलू नगं, लई दुखतंय व्हय?" आपल्या घरात अशी एक भाषा लपलेली आहे आणि ती माझ्यासाठी नाही, याचा मला इतका राग आला की एका दुपारी मी मुद्दाम म्हणाले, "आई, लई भूक लागलीया." आई म्हणाली, "नीट बोल."

मला सोनं नको होतं. तेव्हाही नको होतं, आजही नको. मला ते पीस हवं होतं, पळीतलं कोमट तेल हवं होतं, माझ्या चेहऱ्यावर इतक्या जवळून वाकलेला आईचा चेहरा हवा होता. आईच्या बोटांना हे सगळं कधीपासून येत होतं, आणि माझ्या जन्मापासून ती बोटं रिकामी बसली होती. ती रिकामी का बसली, त्याचं उत्तर माझ्याच मांडीवर दुमडून पडलं होतं.

मग गावची जत्रा आली.

दरवर्षी लाकडी रहाटपाळणा यायचा, चार पेट्यांचा, माणसं हातानं ढकलायची तो. त्या वर्षी पहिल्यांदाच चक्री पाळणा आला. मधे उंच खांब, वरच्या चाकाला लोंबणाऱ्या साखळ्या, साखळ्यांना एकेकट्या खुर्च्या. डिझेलचं इंजिन सुरू झालं की खुर्च्या गरगरत बाहेर फेकल्या जायच्या आणि पोरी किंचाळायच्या. पहिल्याच संध्याकाळी भुकूमच्या एका पोरीचा डूल साखळीत अडकला आणि कानाची पाळी चिरली. ती बातमी सकाळपर्यंत घराघरात पोचली होती. बायका पोरींच्या कानातलं काढून पदराला बांधत होत्या आणि मगच त्यांना पाळण्यापाशी सोडत होत्या.

"मला बसायचंय त्याच्यात," मामेबहीण म्हणाली.

वडील चहा पीत होते. "मग ती तार काढून ठेव. सोपं आहे."

"काढली की तासाभरात बुजतं ते," आई म्हणाली. "तुमच्या पत्रकात नाही ते."

वडिलांनी कप खाली ठेवला. पिशवी खांद्याला लावून ते देवळाकडे निघून गेले, बोकड कापण्याविरुद्धची पत्रकं वाटायला. आई भाचीकडे वळली.

"लगीन झाल्यावर बस की."

"आत्या, कोन बसू देनार हाय मला? तितं माडीवर जायला बी इचारावं लागतं म्हनं."

"आन फाटलं म्हंजे? नथ कशात घालशील?"

"न्हाई फाटत. तू हायस की."

हे तिनं इतकं सहज म्हटलं! तू आहेस की. आई उठली. तिनं पायात चपला घातल्या.

जत्रेत आई आधी पाळण्याकडे गेलीच नाही. बांगड्यांच्या दुकानाशी थांबली. दुकान एका चाचीचं होतं. त्यांचं घर आमच्याच आळीत, आणि त्यांच्या दोन्ही कानांच्या कडेनं वरपर्यंत बाल्यांची रांग असायची. आईनं मेणाची डबी मागितली. बायका कपाळाला आधी मेण लावतात, मग त्यावर कुंकू, ते मेण. चाची हातातल्या बांगड्या तशाच धरून बघत राहिल्या.

"मास्तरीणबाई, तुमी आन मेण? मास्तर घरात घेतील न्हवं?"

"घेतील. नाकाला लावायचंय, कपाळाला नाही."

"नाकाला?" चाची हसत सुटल्या. "लावा बाई. आमी कपाळाला बी लावत न्हाई आन नाकाला बी न्हाई, नुसतं इकतो."

आईनं तिथंच, दुकानाच्या सावलीत, भाचीची हनुवटी वर केली. बोटावर मेण चोळून मऊ केलं, तार नाकपुडीला चिकटून आडवी बसेल अशी दाबली आणि वरून मेणाचा थर दिला, आतूनही दिला. आता पदराचा धागा त्यात अडकणार नव्हता. मग पदर काढून कमरेला घट्ट खोचला. वेणीचा अंबाडा घातला, त्यावर रुमाल बांधला. कानातल्या कुड्या काढून स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधल्या. मामेबहिणीच्या नाकावर पिवळट फोड आल्यासारखं दिसत होतं.

"नवरदेवानं आत्ता बघितलं तर लगीन मोडंल," मी म्हणाले.

"तू बी ये गं संगं," ती म्हणाली. माझं बोलणं तिला लागलंच नव्हतं. त्याचाही मला राग आला.

पाळण्यापाशी गेल्यावर आई माझ्याकडे वळली. त्या दिवशी पहिल्यांदाच. "तू हिच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बस. वाऱ्यानं डोळ्याला पाणी येतं, नाक वाहतं, आणि हात आपोआप वर जातो पुसायला. तोच हात मेणासकट तार ओढून काढेल. उजव्या हातानं ती साखळी धरील. डावा तू धर. काहीही झालं तरी सोडायचा नाही."

"आणि मी स्वतः कशाला धरू?"

"तुझं काय," आई म्हणाली. "तुझं सांभाळण्यासारखं काय आहे?"

तिला दागिना म्हणायचं होतं. मला ते कळत होतं. कळूनही मी तोंड फिरवलं आणि "धरते" एवढंच म्हणाले.

इंजिन खोकलं आणि खुर्च्या हलल्या. आधी हळूहळू. चाची, बांगड्या, आई असं सगळं एकामागून एक समोरून गेलं. मग जमीन तिरकी झाली. आमच्या खुर्च्या बाहेर झुकल्या, मधलं अंतर वाढायला लागलं. मी हात लांब करून तिचा हात धरला होता, माझा खांदा उखडतोय असं वाटत होतं. ती ओरडत होती, हसत होती, काय बोलत होती ते वाऱ्यात कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग आईनं सांगितलं होतं अगदी तसाच तिचा डावा हात नाकाकडे निघाला. तिला माहीतही नव्हतं. मी ओढून धरला. तिनं हिसका दिला. सुपारीच्या वेळी भरलेल्या तिच्या हिरव्या बांगड्यांतली एक माझ्या मनगटावर फुटली.

हात सोडला असता तर काय झालं असतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. तार निसटली असती, नाकावर तिसऱ्याला जागा नव्हती, नथ पेटीत राहिली असती, आणि वडिलांचं पत्रक एका घरापुरतं जिंकलं असतं. मी सोडला नाही. प्रेमापोटी नाही. मी धरते म्हटलं होतं म्हणून. आमच्या घरात शब्द पाळणं एवढी एकच गोष्ट दागिन्यासारखी जपली जायची.

चक्र मंदावलं, आमचे पाय जमिनीला लागले. आई धावत आली. माझ्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ होती. तिनं ती बघितली नाही. भाचीचं तोंड दोन्ही तळहातांत धरलं आणि म्हणाली, "बोलू नगंस. हसू नगंस. मेण ताणंल."

खरी पंचाईत आता होती. ती तिथल्या एकीलाही आधी सुचली नव्हती. उन्हानं आणि वाऱ्यानं मेण तारेत मुरून घट्ट बसलं होतं. ओढलं तर तारही बाहेर आली असती. चाची दुकान सोडून आल्या. "वाईच त्याल लावा." "त्याल कुटं हाय हितं?" "भजीवाल्याकडं हाय की." "भज्याचं त्याल नाकाला? लगीन हाय का वडं तळायचंत?" भोवती बायकांचं कोंडाळं जमलं. मामेबहीण आता घाबरली होती, तोंड न हलवता रडत होती. आईनं स्वतःचं बोट तोंडात धरून ऊब दिली आणि ते मेणावर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. वितळेपर्यंत ती तशीच ठेवणार होती.

पाळणेवाला पुढच्या फेरीची हाळी देत होता. मी अजून खुर्चीतच बसलेली. त्यानं विचारलं, "ताई, उतरतीस का बसतीस?"

"बसते," मी म्हणाले.

या वेळी शेजारची खुर्ची रिकामी होती. वर गेले तेव्हा खाली नुसतीच डोकी दिसली. पुढच्या फेरीला बायका जरा हटल्या होत्या आणि आईचं बोट अजून तिथंच होतं. त्याच्या पुढच्या फेरीला तिनं मेणाचा तुकडा काढून झटकला होता आणि दुसरं बोट तोंडात धरलं होतं. मग मी देवळाच्या बाजूनं फिरले. तिथं वडील पत्रकं वाटत उभे होते आणि लोक पत्रक घेऊन त्यात प्रसाद बांधत होते. मी परत समोर आले तेव्हा चाचींनी दोन्ही हात आकाशाकडे केले होते, मामेबहीण नाकाला हात न लावता नाचत होती आणि आई खाली मातीत बसून हसत होती, तोंडाला पदर लावून. एवढ्या वरून तार दिसणं शक्यच नव्हतं. पण ती जागेवर आहे हे मला कळलं. नथ बसणार होती.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या त्या हाताशिवाय ती तार राहिली नसती. पण मला दिसत होतं ते फक्त आईचं हसणं. माझ्या चौदा वर्षांत मी तिला असं जमिनीवर बसून हसायला लावलं नव्हतं. सांभाळायला काही नसलेली मी एकटी वर गरगरत होते. वडिलांना मी जशी हवी होते, तशीच. मोकळी.

तेवढ्यात आईला माझी आठवण झाली. ती उठली, कपाळावर हात धरून वर बघत खुर्च्या शोधायला लागली, आणि मी सापडल्यावर ओरडली, "साखळी धर गं! घट्ट धर!"

मी दोन्ही हात सोडले. पार बाजूला पसरले.

पुढच्या फेरीला समोर आले तेव्हा आई कोंडाळ्यातून बाहेर पडून पाळण्याच्या दोरीपर्यंत आली होती. भाचीकडे पाठ होती तिची. "ए बाय," ती ओरडत होती, "बाय माझे, धर की गं!"

मी अजून एक फेरी हात तसेच ठेवले.