शिनोलीमार्गे लंडन

मुंबई ते लंडन विमानाने नऊ-साडेनऊ तास लागतात. अंतर सात हजार किलोमीटरच्या थोडं वर. काकांनी हे मोबाइलवर पाहून ठेवलं होतं आणि निरगुडसरच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत. "लई न्हाई. श्रावणात भीमाशंकरच्या रांगेत याच्यापेक्षा जास्त येळ उभा ऱ्हायलोय."

जायचं मात्र काकूला होतं. लंडनला लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, तिच्याजवळ बाईमाणूस कोणी नव्हतं आणि पुढचं तिकीट मिळेपर्यंत बाळ थांबणार नव्हतं. अडचण अशी की निघायच्या दिवशी अमावस्या होती.

यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे. प्रवासाचं काही सामान आदल्या दिवशी, चांगल्या मुहूर्तावर, दुसऱ्याच्या घरी ठेवायचं आणि जाताना उचलायचं. याला प्रस्थान म्हणतात. प्रवास कालच सुरू झालाय, असं मग अमावस्येला सांगता येतं. एरवी फडक्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधतात. काकांना ते किरकोळ वाटलं. ज्याच्यावाचून प्रवास अडतो अशी वस्तू पाहिजे, म्हणून त्यांनी सुपारीसोबत पासपोर्ट बांधला. शिवाय घर प्रवासाच्या दिशेला हवं. लंडन पश्चिमेला. पश्चिमेला नातेवाईक फक्त शिनोलीत, काकूच्या थोरल्या बहिणीकडे. गाठोडं तिच्या देवघरात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. शिनोलीत दाराला कुलूप. शेतावर निघालेल्या शेजारणीने सांगितलं, नवरा-बायको दोघं भीमाशंकरला दर्शनाला गेलेत. फोन लावला. वर रेंज नव्हती.

काका ओट्यावर टेकले. "येत्याल दुपारपत्तोर."

"आन् इमान?" काकू म्हणाली.

"दम धर जरा. कुलूप तोडून प्रस्थान उचललं तर अपशकुन व्हतो."

"आन् पोरीजवळ कोन हाय? तुमचा शकुन जानार हाय का बाळंतपन काढाया?"

काकू परसात गेली आणि तिथे पडलेला वरवंटा घेऊन आली. कुलूप चांगल्या कंपनीचं असावं. चार-पाच घाव टिकलं. तिने आत जाऊन पासपोर्ट काढला, उरलेलं गाठोडं पुन्हा बांधून जागेवर ठेवलं, देवाला हात जोडले आणि बाहेर येऊन कडीला पिशवीचा बंद बांधला. मग गाडीत बसली.

माळशेज घाटात काकांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. काकूचे दाजी होते.

"साडूभाऊ, घर फोडलं आमचं! पन चोर येडा हाय, राव. कपाटाला हात न्हाई लावला. तुमच्या गाठोड्यातला पासपोर्ट तेवढा न्हेला आन् सुपारी नीट बांधून ठिवली. आता कसं जायाचं तिनं?"

काका माझ्याकडे बघायला लागले. काकू मागच्या सीटवरून पुढे वाकली.

"दाजी, चोर घाट उतरतोय. संध्याकाळी लंडनला पळून जानार हाय. तुमी नवं कुलूप आना."

नात जन्मली तेव्हा काकू तिथे होती. याचं श्रेय काका प्रस्थानाला देतात. ते मोडलंच नव्हतं, सुपारी जागेवर होती, असं त्यांचं म्हणणं आहे.