हवालदारांची गिनती

माझी डुटी नगरच्या एमायडीशीत हुती, बोल्टांवर मुलामा चढवायच्या झिंकच्या लायनीवर. आमी जामखेडाकडले. ऊस तोडून कंबर गेली, म्हनून कोयता सोडला आन हितं लागले. लायनीवर आमी सात बाया. वर सुपरवायझर, फौजेतनं रिटायर झालेले हवालदार.

त्यांनी आमाला पलटनीवानी वागवलं. सकाळी शेडच्या दारात "फॉल इन!" मग गिनती. एक, दोन, तीन, सातपर्यंत, ज्येचं त्येनं तोंडानं बोलायचं. सुट्टीला परत गिनती. आत कोन ऱ्हायलं तर न्हाई, ह्ये बघितल्याबिगर त्ये कुलूप लावत नव्हते.

माझ्या शेजारची मंदा लई फटकळ. म्हनली, "हवालदार, आमाला पाकिस्तानावर न्हेताय का?"

"पाकिस्तान बरं, मंदाबाई. तिकडची गोळी आवाज तरी करती."

काम असं. बोल्ट आधी ॲसिडात बुडवायचे, गंज निघायचा. मग पान्यात दोनदा धुवायचे. मग झिंकची टाकी. शेवटी क्रोमेटची पिवळी टाकी. तितनं बोल्ट सोन्यावानी निघायचे. आमच्या बोटांना मातुर त्या पिवळ्या पान्यानं भोकं पडायची, नाकातनं रगात यायचं. बोल्ट मिठाच्या धुक्यात ठिवून तपासायचे, गंज धरतो का म्हनून. आमाला कुनी तपासलं न्हाई.

हवालदार रोज बजावायचे. झिंकच्या टाकीत सायनाईड हाय. ॲसिडाचा माल न धुता त्यात गेला, तर जहरी वाफ उठती, मानूस उभ्या जागी पडतो. मधलं पानी ही आपली चौकी. चौकी सोडायची न्हाई.

त्या उन्हाळ्यात एक दिवस टँकर आलाच न्हाई. धुवायच्या टाक्यांत नुसता गाळ. हवालदारांनी मालकाला फोन लावला. आमी जवळच हुतो, समदं ऐकू आलं.

"साहेब, पानी न्हाई. लाईन बंद करतो."

"गाडी दारात उभी हाय. माल काढ."

"साहेब, धोका हाय."

"फौजेत बी असाच उलटा बोलायचास का रं? माल काढ."

हवालदार म्हनले, "जी साहेब."

मला वाटलं, आता आमालाच न धुता माल बुडवायला लावत्यात. त्यांनी शिट्टी मारली. "सगळ्या बाहेर. लिंबाखाली फॉल इन."

गिनती झाली. सात भरल्या.

मंदा म्हनली, "आन तुमी वो?"

"हितंच थांबा. मी बोलावल्याबिगर आत यायचं न्हाई. हुकूम हाय."

आतनं झिंकच्या टाकीत माल सोडायच्या साखळीचा आवाज आला. मग कायतरी धपकन पडलं. मी हाक मारली. जबाब न्हाई. मी पळाले, तर मंदानं पदर धरला. "मरशील! आधी दारं उघड." आमी समदी दारं-खिडक्या उघडल्या. थांबलो. मग दोघींनी पायाला धरून त्यांना बाहेर वडलं. हवालदार गेले हुते.

चौकशीला सरकारी साहेब आला. मालक त्याला म्हनला, "म्हातारा मानूस, हार्ट बंद पडलं. बाकी कामगार सगळे सुखरूप. मोजून घ्या." साहेबानं मोजलं. सात.

फौजेतनं जित्ता आलेला मानूस. ना बिगुल, ना झेंडा. बोल्टाची गाडी दुसऱ्या दिशी भरून गेली.

नवा सुपरवायझर आला. त्यानं गिनती मागितली न्हाई, आमीच दारात उभ्या ऱ्हायलो. सातवी बोलली, की मागनं मंदा म्हनली, "आठ."

त्यो हसला. "आडानी बायांनो, सातच हायेत की. तुमाला मोजता बी येईना व्हय?"

मी डुटी सोडंस्तवर आमी रोज आठच मोजले.